चाकांवरच्या घराचे दागिने

जुन्या मोटारींचे कौतुक आपल्या शहरास नवे नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. अशा मेळ्यांत बोलणे चालते ते इंजिनाचे, घोड्यांच्या शक्तीचे, आणि गाडी मूळ कोणत्या संस्थानिकाची होती ह्याचे. दाराची मूठ कोणत्या धातूची, आतल्या पडद्याचे कापड कुठले, पुढचे बोधचिन्ह त्याच साली ओतलेले की गेल्या वर्षी, हे विचारणारा क्वचित भेटतो. वस्तुतः गाडीच्या जुनेपणाबद्दलचा खरा वाद आज ह्याच बारीक वस्तूंपाशी येऊन थांबला आहे. तो सर्वांत तीव्र झाला आहे तो मोटारघरांच्या बाबतीत, म्हणजे ज्या वाहनात माणसे निजतात, रांधतात आणि महिनोन्महिने राहतात त्या वाहनांच्या बाबतीत. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण थोड्या तुच्छतेने वापरतो. परंतु आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज गायकवाडांच्या लष्कराबरोबर गुजराथेत आले ते डेरे, राहुट्या आणि कनाती घेऊनच. त्या डेऱ्यांनाही झालरी होत्या, कळस होते, रंगीत आतली अस्तरे होती. फिरत्या घरालाही माणूस सजवल्यावाचून राहत नाही. एवढी गोष्ट लक्षात ठेवली, म्हणजे अमेरिकेतला एखादा सद्गृहस्थ पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारघराच्या खिडकीचा एक पडदा शोधण्यासाठी दोन-दोन वर्षे का घालवतो, हे कळणे कठीण जात नाही.

ही वाहने मुख्यत्वे जर्मनीची आणि अमेरिकेची. फोक्सवॅगन कंपनीने मार्च १९५० मध्ये आपल्या डबेवजा गाडीचे उत्पादन सुरू केले. लोक तिला 'बुली' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया ह्या कारखान्याने तिच्या पोटात बसेल अशी लाकडी पेटी काढली. पेटी उघडली की तिचाच पलंग, तिचेच कपाट, तिचीच चूल ठेवण्याची जागा. ह्या पेटीबरोबर चौकड्यांचे पडदे आले, आणि ते पडदेच त्या गाडीची ओळख होऊन बसले. अमेरिकेत आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी ह्या गावी विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटारघरे बांधावयास घेतली. अंगावर पसरलेला 'डब्ल्यू' अक्षराचा पट्टा पाहून लांबूनच ती ओळखू येत. १९७३ ते १९७८ ह्या सहा वर्षांत जनरल मोटर्सने स्वतःच्या जीएमसी ह्या नावाने मोटारघर बनविले. पुढच्या चाकांनी ओढले जाणारे, बुटक्या जमिनीचे आणि मोठ्या काचांचे हे वाहन सुमारे तेरा हजारच निघाले. आत त्या काळचा अमेरिकन संसार होता: अव्होकाडोच्या गराचा हिरवा आणि पिकल्या धान्याचा सोनेरी हे दोन रंग, लांब केसांचे गालिचे, आणि लाकडाची बतावणी करणारे पत्रे.

आता प्रश्न असा की, इंजिन टिकते, सांगाडा टिकतो, मग दागिनेच आधी का जातात? ह्याची कारणे मला तीन दिसतात.

पहिले कारण पदार्थाचे. त्या काळची पुष्कळ बोधचिन्हे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असत व त्यांवर क्रोमचा मुलामा असे. मुलाम्याला सुईएवढे छिद्र पडले की ओल आत शिरते, आतले जस्त फुगते आणि वरचा चकचकीत थर फोडांसारखा उठतो. असा तुकडा घासून पुन्हा मुलामा दिला तर फोडाची जागा खळगा होऊन राहते. प्लॅस्टिकच्या अक्षरांचा शत्रू ऊन. ती आधी पिवळी पडतात, मग ठिसूळ होतात आणि काढताना हातात मोडतात. पडद्याचे कापड खिडकीच्या बाजूने विरते. तेव्हा माळीखाली गुंडाळून ठेवलेला पडदा शाबूत आणि खिडकीवर टांगलेला मात्र जाळी झालेला, असा प्रकार होतो.

दुसरे कारण व्यवहाराचे. इंजिनाचा भाग दहा प्रकारच्या गाड्यांना चालतो, म्हणून कोणी ना कोणी तो बनवीत राहतो. जीएमसीच्या मोटारघरात ओल्ड्समोबाईल गाडीचे इंजिन होते. त्याचे भाग मिळविणे त्यामुळे तुलनेने सोपे. परंतु एका सालच्या, एका नमुन्याच्या दिव्याची काच दुसऱ्या कोणाच्याच कामाची नसते. तिचा साचा कारखान्याने केव्हाच मोडीत काढलेला असतो.

तिसरे कारण आपल्या स्वभावाचे. गाडी बंद पडली तर आपण ती दुरुस्त करतो. पडदा जुना झाला तर आपण तो टाकून देतो. घरातले पंचपाळे टिकते आणि त्याखालचे जाजम टिकत नाही, तसेच हे. शोभेची वस्तू ज्या दिवशी जुनी दिसू लागते त्याच दिवशी तिची किंमत शून्यावर येते, आणि ती दुर्मिळ झाली हे कळेपर्यंत तीस-चाळीस वर्षे उलटलेली असतात.

मग ह्या वस्तू मिळवावयाच्या कशा? मार्ग दोनच: मूळ शोधणे किंवा नवी घडविणे. दोन्ही मार्गांत अडचण आहे आणि दोन्हींत नीतीचा प्रश्न आहे.

मूळ वस्तू मिळते ती बहुधा दुसऱ्या मेलेल्या गाडीतून. शेताच्या बांधावर गंजत पडलेले मोटारघर विकत घ्यावे, त्यातले दिवे, मुठी, कड्या, आरशाच्या चौकटी काढून घ्याव्यात आणि सांगाडा भंगारात द्यावा, ही तिकडची रूढ पद्धत. गाडी खरोखरच मेलेली असेल तर ह्यात गैर काही नाही. परंतु दागिन्याची किंमत वाढली की गाडी जिवंत असतानाच तिच्या अंगावरचे उतरविण्याचा मोह होतो. एक सुबक मोटारघर पूर्ण करण्यासाठी तीन बऱ्या गाड्या उघड्या-बोडक्या होतात. पाहणाऱ्यास एक जीर्णोद्धार दिसतो. तीन नाश दिसत नाहीत. मला हा व्यवहार देवळाच्या खांबावरची यक्षी काढून दिवाणखान्यात ठेवण्यासारखाच वाटतो.

नवी घडविण्याची विद्या मात्र गेल्या काही वर्षांत फार पुढे गेली आहे. मूळ तुकड्यावर सिलिकॉन ओतून साचा घेता येतो व त्यात राळ ओतून नक्कल निघते. मोडक्या तुकड्याचे यंत्राने त्रिमिती मोजमाप घेऊन, उरलेला भाग संगणकावर पुरा करून, तो थरांथरांनी छापून काढता येतो. अंगावरचे रंगीत पट्टे यंत्राने कापून चिकटविता येतात. रंग कोणता होता ह्याचा पुरावाही गाडीतच दडलेला असतो: धातूची पट्टी उचलली की तिच्याखाली सूर्य न लागलेली एक रेघ सापडते, आणि कपाट सरकविले की त्याखाली गालिचाचा मूळ रंग. जाणता कारागीर आधी ह्या जागा पाहतो आणि मगच रंग कालवितो.

ह्या नकलांत एक गंमत आहे, ती आपल्या कासार-तांबटांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. मूळ पितळी तुकड्यावरून साचा घेऊन त्यात पुन्हा पितळ ओतले, तर थंड होताना धातू आवळतो आणि नक्कल मुळापेक्षा किंचित लहान येते; शंभर मिलिमीटरांमागे दीड-दोन मिलिमीटर कमी. नकलेवरून पुन्हा नक्कल काढली की आणखी लहान. म्हणून अस्सल वस्तूचे माप ज्याच्या वहीत लिहिलेले आहे, त्यास फसविणे कठीण. ज्याच्याजवळ माप नाही, केवळ भावना आहे, तो फसतो.

येथे फुलदाणीचे उदाहरण देण्याजोगे आहे. १९५० च्या दशकात फोक्सवॅगनच्या गाड्यांत पुढच्या फळीवर चिनी मातीची एक चिमुकली फुलदाणी लावण्याची हौस होती. रोझेन्थालसारख्या नामांकित कारखान्याने अशा फुलदाण्या केल्या. गाडी मोडीत गेली तरी फुलदाणी काढून कपाटात ठेवता येई, म्हणून काही टिकल्या. आणि टिकल्या म्हणून त्यांच्या नकलाही निघाल्या. पुढे १९९८ च्या नव्या बीटल गाडीत खुद्द कंपनीनेच प्लॅस्टिकची फुलदाणी बसवून दिली. आता पाहा: कंपनीची ती प्लॅस्टिकची फुलदाणी ही नक्कल नव्हती, कारण ती मातीची असल्याचे सोंग तिने आणले नाही. तिने आठवण ठेवली, पण वय चोरले नाही. उलट, एखादी नवी मातीची फुलदाणी चहाच्या पाण्यात बुडवून, कडा घासून जुनी म्हणून विकली, तर तिची माती खरी आणि वस्तू खोटी. खोटेपणा हा पदार्थात नसतो, तो विकणाऱ्याच्या तोंडात असतो, हे ह्यावरून ध्यानात यावे.

हाच प्रश्न अमेरिकेत दोन प्रसिद्ध गाड्यांच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणात उभा राहिला, आणि त्या दोहोंची उत्तरे परस्परविरुद्ध आली. म्हणून त्या दोन्ही हकीकती सांगतो.

पहिली 'फर्दर' नावाची बस. कादंबरीकार केन केसी ह्यांनी १९३९ सालची एक जुनी शाळेची बस घेतली. तिच्यात निजण्याच्या फळ्या आणि स्वयंपाकाची सोय आधीच्या मालकाने केलेलीच होती. केसी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ती आतून-बाहेरून भडक रंगांनी रंगविली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कपर्यंत नेली. ह्या प्रवासाचा गवगवा इतका झाला की पुढच्या हिप्पी चळवळीचे ती एक दैवतच बनली. बस पुढे थकली आणि केसींच्या ऑरेगॉनमधील शेतावर दलदलीत पडून राहिली. १९९० मध्ये केसींनी १९४७ सालची दुसरी बस घेतली, ती तशीच रंगविली, आणि हीच ती बस असे हसत-हसत भासवीत स्मिथसोनियन ह्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दिशेने प्रयाण केले. संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी ती मूळ नव्हे हे सांगितले आणि थट्टा तिथेच उघडी पडली. केसी २००१ मध्ये वारले. मूळ बस २००५ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी चिखलातून ओढून बाहेर काढली.

ह्या हकीकतीतला पेच असा आहे. 'फर्दर'चे रंग एकदा लावून ठेवलेले नव्हते. मंडळींनी ते वेळोवेळी बदलले, एकावर एक चढविले. मग अस्सल रंग कोणता? १९६४ चा, की त्यानंतर चढलेला एखादा? दलदलीने जे खाल्ले तेही आता त्या बसच्या चरित्राचाच भाग नव्हे काय? दुसरी बस मात्र, तिच्यावर तेच हात फिरलेले असूनही, पहिली होऊ शकली नाही. कारण पहिली ज्या रस्त्याने गेली तो रस्ता दुसरीच्या अंगावर नव्हता.

दुसरी हकीकत 'लाइट' नावाच्या फोक्सवॅगनची. बॉब हिरोनिमस ह्या चित्रकाराने १९६८ मध्ये ती रंगविली, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीतमेळ्यात तिच्या टपावर बसलेल्या तरुणांचे छायाचित्र जगभर गेले. गाडी पुढे नाहीशी झाली. मेळ्याला पन्नास वर्षे होण्याच्या सुमारास तिचा पुष्कळ शोध झाला, पण ती मिळाली नाही. तेव्हा त्याच जातीची १९६३ सालची दुसरी गाडी घेऊन, जुन्या छायाचित्रांच्या आधाराने, त्याच चित्रकाराने इतर कलावंतांच्या साहाय्याने तिच्यावर तीच चित्रे पुन्हा काढली. ही गाडी २०१९ मध्ये लोकांपुढे आली ती प्रतिकृती म्हणूनच. कोणीही तिला मूळ म्हटले नाही. आणि म्हणूनच कोणी तिला खोटीही म्हटले नाही.

दोन्ही ठिकाणी नक्कल मूळ रंगविणाऱ्यांच्याच हातची. एकीला दारातून परत फिरावे लागले, दुसरीचे स्वागत झाले. फरक कारागिरीचा नव्हे, कबुलीचा आहे. माझ्या मते जीर्णोद्धाराच्या सर्व वादाचे सार एवढ्यात येते.

विद्वानांनी हे सूत्र पूर्वीच घालून दिले आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयी दोन दंडक आहेत: जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि गेलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकूण रचनेत शोभला पाहिजे, तरीही मुळापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. जुन्या वाहनांच्या जागतिक संघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिवाने, हाच विचार पुढे नेऊन २०१३ मध्ये तुरिनची सनद पुढे केली. ह्या विचारसरणीत जपणूक आधी येते, जीर्णोद्धार नंतर, आणि नवे करणे सर्वांच्या शेवटी. आपल्याकडे नेमका उलटा क्रम रूढ आहे, हे निराळे सांगावयास नको.

आपल्याकडच्या कायद्याचीही येथे दखल घेणे अवश्य आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खाजगी दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पाच हजार. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन ह्यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नियम स्वागतार्ह आहे. परंतु तो पाहतो ते लोखंडाकडे. बोधचिन्ह, पडदा, गादीचे कापड, दिव्याची काच ह्यांविषयी त्यात शब्द नाही, आणि कायद्याने त्यात शिरावे असे मलाही वाटत नाही. ह्याचा अर्थ एवढाच की दागिन्यांची राखण मालकाच्या सदसद्विवेकावर सोपविलेली आहे.

आपल्या देशात मोटारघराची परंपरा मोठी नाही. १९७९ पर्यंत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ह्या मार्गाने आलेल्या तरुणांच्या रंगविलेल्या फोक्सवॅगन गाड्या गोव्याच्या किनाऱ्यांवर उभ्या असत. इराणातील क्रांतीने आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएट स्वारीने तो मार्ग बंद पडला. आता मात्र महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोटारघरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी केले. आज जी वाहने नवी निघत आहेत ती पन्नास वर्षांनी जुनी होणार आहेत. त्यांचे पडदे आणि मुठी कोणी जपून ठेवील काय?

ही काळजी दूरची आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून जवळचे उदाहरण देतो. इंदूरचे यशवंतराव होळकर ह्यांनी १९३० नंतरच्या चार वर्षांत एकार्ट मुथेसियस ह्या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला. दिवे, खुर्च्या, गालिचे, दारांच्या मुठी, सारे त्या एका कल्पनेत बसविलेले. १९८० मध्ये त्यातील सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला आणि वस्तू जगभर पांगल्या. राजवाड्याची इमारत उभी राहिली, तीत सरकारी करखात्याची कचेरी आली. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्या वस्तूंचे प्रदर्शन भरले, तेव्हा आपल्या मंडळींना ते पाहावयास पॅरिसला जावे लागले. भिंती राखल्या आणि दागिने गेले, म्हणजे घर गेले, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

बडोद्याला ह्या कामी काही विशेष अधिकार आहे असे मी समजतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते हाताचे कसब आणि शास्त्र ह्यांची सांगड घालण्यासाठीच. येथल्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचे शिक्षण दिले जाते. जवळच संखेड्याला लाखकामाचे लाकडी सामान करणारे कारागीर आहेत. एवढी सामग्री हाताशी असता जुन्या गाडीच्या मुठीसाठी परदेशी कारखान्याच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. आणि मुठीची नक्कल येथे झाली तर ती अस्सल म्हणून खपविण्याचेही कारण नाही.

माझ्या सूचना तीन आहेत, आणि त्या मोटारीपुरत्या नाहीत. ज्यांच्या वाड्यात शिग्राम, मेणा, अंबारीचा तुकडा किंवा आजोबांची जुनी गाडी उरली आहे, त्या सर्वांसाठी आहेत. एक, काहीही काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र आणि माप वहीत उतरवून ठेवावे. दोन, काढलेला जुना तुकडा, तो कितीही फुटका असो, नाव लिहून पेटीत ठेवावा. भंगारवाल्यास देऊ नये, कारण उद्याच्या कारागिराला नमुना म्हणून त्याचीच गरज लागेल. तीन, नव्या तुकड्याच्या मागल्या अंगावर, जेथे पाहुण्याची नजर जात नाही पण जाणत्याची जाते, तेथे घडविल्याचे साल कोरावे. आमच्या एका आप्तांच्या मेण्याची पितळी टोके नवी केली, तेव्हा तांबटाने आपण होऊन आतल्या बाजूस सन घातला. त्याने व्हेनिसच्या सनदेचे नाव ऐकले नसेल. पण तिचा अर्थ त्यास आपल्यापेक्षा चांगला कळला होता.

जुनी वस्तू नवी करणे हा गुन्हा नव्हे. पडदा विरला तर नवा शिवावा, चिन्ह झिजले तर नवे ओतावे. घर राहते असावे, मग ते भिंतींचे असो वा चाकांचे. नव्या वस्तूने आपले वय खरे सांगावे, एवढीच अपेक्षा आहे. ते तिने सांगितले, तर पन्नास वर्षांनी तीही मानाने जुनी होते.